खाऱ्या पाण्याची छोटी टाकी : कोणता मासा कोणाशेजारी?



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तरी भगिनी वाण घेऊन झाल्यावर बैठकीतल्या फिश टँकसमोर रेंगाळतात. प्रश्न ठरलेला असतो : "हे निमोवाले मासे आपल्या बडोद्यात मिळतात का हो? आणि त्यांच्याबरोबर आणखी कोणते आणावेत?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. मिळतात, एखादा मुंबईहून मागवावा लागतो. दुसऱ्याचे उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही. ते चुकले तर मासे मरतात, आणि आमच्याकडे मेलेले आहेत. म्हणून मंडळाच्या संकेतस्थळावर जरा सविस्तर लिहितो आहोत.

बँकेतून निवृत्त झाल्यावर नातवाच्या हट्टापायी आम्ही दोघांनी ही टाकी मांडली. अडीच फूट लांब, सोळा इंच रुंद, सोळा इंच उंच. हिशेबाने सुमारे 120 लिटर पाणी मावायला हवे, पण वाळू आणि दगड टाकल्यावर प्रत्यक्षात 100 लिटरच राहते. या लेखातले सगळे सांगणे एवढ्या आकाराच्या टाकीपुरते आहे.

पाण्याचे थोडक्यात सांगतो. खंभातच्या आखाताचे पाणी फुकट मिळते म्हणून कॅनमध्ये भरून आणू नये, ते गढूळ असते. आरओच्या पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारे मीठ लिटरला साधारण 35 ग्रॅम या प्रमाणात मिसळावे. स्वयंपाकातले मीठ चालत नाही. हायड्रोमीटरवर घनता 1.025 च्या आसपास आणि तापमान 25 ते 27 अंश असावे. पाणी तयार झाले की लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहावे आणि चाचणीच्या किटवर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत वाट पाहावी. पाहुणे विचारतात, "मासे कुठायत?" विचारू द्यावे.

आता माशांकडे वळू. प्रवाळाच्या खडकांत राहणारे हे मासे जागेसाठी भांडणारे असतात. एकेक कपार एकेकाच्या मालकीची असते. समुद्रात हरलेला मासा पळून पुढच्या खडकामागे जातो, तिथे भांडण मिटते. आमच्या टाकीत तो पळाला तरी अडीच फुटांवर काच आहे. जिंकणाऱ्याला मात्र शत्रू अजून समोरच दिसतो, म्हणून तो थांबत नाही. जो मासा समुद्रात फक्त तापट असतो, तो छोट्या टाकीत खुनी ठरतो, त्याचे कारण हेच. त्यामुळे मासा आवडला की आम्ही तीन गोष्टी विचारतो. पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? टाकीत वर, मध्ये की तळाशी राहतो? आणि रंगाने किंवा अंगलटीने आधीच्या कोणासारखा दिसतो का? सारखे दिसणारे दोघे एकमेकांना जागेचे दावेदार समजतात आणि भांडण तिथूनच सुरू होते.

हे शहाणपण आम्हाला उशिरा आले. पहिल्याच खेपेला एका दुकानात काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला, अंगठ्याएवढा, गोजिरवाणा मासा दिसला. डॉमिनो डॅमसेल. दुकानदार म्हणाला, "साहेब, आ तो मरशे ज नहीं." ते खरेच होते. तो मेला नाही. आठ दिवसांनी आम्ही फायरफिश आणला. पुढून पांढरा, शेपटीकडे ज्वाळेसारखा लाल, पाठीवर उंच तुरा, स्वभावाने अगदी भिडस्त. डॉमिनोने त्याला चार दिवस पंपाच्या मागून बाहेर येऊ दिले नाही. पाचव्या दिवशी सकाळी तो टाकीत नव्हता. झाकणाच्या फटीतून उडी मारून टेबलामागे पडला होता, वाळून काडीसारखा झालेला. नातू तेव्हा सुट्टीला आलेला होता. त्याने विचारले, "आजोबा, त्याला कोणी बाहेर काढलं?" याचे उत्तर आम्ही दोघांनीही टाळले.

त्या डॉमिनोला पकडायला टाकीतला एकेक दगड बाहेर काढावा लागला, अर्धा रविवार गेला. डॅमसेल जातीचे मासे स्वस्त आणि चिवट म्हणून नवशिक्याच्या गळ्यात मारले जातात. ते चिवट आहेत, पण डॉमिनो वाढून साडेपाच इंचांपर्यंत जातो आणि त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येकाला पाहुणा न समजता चोर समजतो. पहिला मासा म्हणून तो घेऊच नये.

मग घ्यावा कोणता? निमो, म्हणजे ऑसेलारिस क्लाउनफिश, याला पर्याय नाही. तीन-चार इंचांच्या पुढे जात नाही, गोळीचे खाद्य खातो, आणि समुद्रफूल नसले तरी त्याचे काही अडत नाही. चित्रपटामुळे लोकांना समुद्रफूल हवेच असे वाटते. नव्या टाकीत ते जगत नाही, कुजले की सगळे पाणी नासवते. क्लाउनफिशची जोडी घ्यावी, एक मोठा व एक लहान. हे मासे जन्मतः मादी नसतात. दोघांतला मोठा, दांडगा असतो तो पुढे मादी होतो आणि दुसरा नर राहतो. दोघे एकाच आकाराचे आणले तर आधी मोठेपणा ठरेपर्यंत झुंजतात. तीन तर आणूच नयेत, तिसऱ्याचे हाल होतात. त्याच घराण्यातला गडद तपकिरी-लाल मरून क्लाउनही दुकानात दिसतो, पण तो सहा इंचांचा आणि जबर मारकुटा आहे. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची हॅचरीत पैदास करण्याचे तंत्र बसवले आहे, तेव्हा "पाळलेला की पकडलेला?" हे दुकानात जरूर विचारावे. पाळलेला मासा पहिल्या दिवसापासून खातो, आणि समुद्रातला एक मासा समुद्रातच राहतो.

दुसरा आमचा आवडता म्हणजे बांगाई कार्डिनल. रुपेरी अंग, काळे पट्टे, त्यावर पांढरे ठिपके, जणू खडीकाम केलेली चंद्रकळा. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांजवळचा हा मासा हौशी लोकांसाठी इतका पकडला गेला की आता तो धोक्यात आलेल्या प्रजातींत गणला जातो. म्हणून हाही पाळलेलाच घ्यावा, नाहीतर सोडून द्यावा. टाकीच्या मध्यावर संथपणे तरंगतो, क्लाउनच्या वाटेला जात नाही. मात्र एकच घ्यावा किंवा खात्रीची जोडी. दोन नर एकमेकांना सुखाने राहू देत नाहीत. याची अंडी नर तोंडात धरून ठेवतो आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत जवळजवळ महिनाभर काही खात नाही. आमच्या सौ.ना हे कळल्यापासून त्याच्याविषयी विशेष आदर आहे.

तळासाठी पिवळा वॉचमन गोबी. वाळूत बीळ करून दाराशी डोळे वटारून बसतो, वरच्यांशी त्याचा संबंध येत नाही. आणि फायरफिश एकच, घट्ट जाळीच्या झाकणासकट. दुसऱ्यांदा आणताना आम्ही पावसाळी खिडकीला लावतात ती बारीक जाळी चौकटीवर ताणून बसवली. तेव्हापासून तो शाबूत आहे.

रॉयल ग्रामाबद्दल सावध करायला हवे. पुढून जांभळा, मागून पिवळा, तीन इंची, कपारीत राहणारा हा सज्जन मासा कॅरिबियन समुद्रातून येतो, म्हणून महाग असतो. त्याच रंगाचा रॉयल डॉटीबॅक पुष्कळ स्वस्त मिळतो आणि कित्येकदा ग्रामा म्हणूनच विकला जातो. तो अतिशय भांडकुदळ आहे. ओळख अशी : ग्रामाचा जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी हळूहळू पिवळ्यात मिसळतो आणि पाठीवरच्या पराला पुढे काळा डाग असतो. डॉटीबॅकचे दोन रंग पट्टीने रेघ मारल्यासारखे वेगळे होतात आणि पर जवळजवळ पारदर्शक असतात. सहीचा नमुना पडताळतो तसे हे नीट पाहून घ्यावे.

नातवाला अर्थातच डोरी हवी होती. निळा टँग दुकानात दोन इंचांचा असतो, पण वाढून फूटभर होतो आणि दिवसभर लांबवर पोहणारा मासा आहे. कर्जदाराची आजची मिळकत पाहून भागत नाही, तसेच हे. लायनफिश छोट्या माशांना गिळतो आणि त्याचे काटे विषारी असतात, घरात मुले असताना नकोच. मँडरीन दिसायला सगळ्यांत सुंदर, पण दगडावरचे सूक्ष्म जिवंत जीव टिपून खातो. छोट्या नव्या टाकीत ते काही आठवड्यांत संपतात आणि तो गोळ्यांच्या ढिगाशेजारी उपाशी मरतो. समुद्रघोडे आणि दगडी प्रवाळ यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. कोणी "मागवून देतो" म्हणाला तरी घेऊ नये. आमच्या टाकीतले दगड म्हणूनच सिरॅमिकचे आहेत.

तर आमच्या 100 लिटरमध्ये एकूण पाच मासे आहेत : क्लाउनची जोडी, एक बांगाई, एक गोबी, एक फायरफिश. ग्रामाचा मोह आवरला. सोबत एक क्लीनर झिंगा आणि काही गोगलगायी. आणण्याचा क्रमही महत्त्वाचा. सगळ्यांत भित्रा आधी, म्हणजे फायरफिश, त्याला कपार निवडू द्यावी. मग गोबी, मग बांगाई, आणि शेवटी क्लाउन. प्रत्येकामध्ये दोन-तीन आठवडे सोडावेत, कारण वाढलेला भार पेलायला जिवाणूंनाही वेळ लागतो. नवा मासा शक्यतो महिनाभर वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकाबरोबर येतो आणि सगळ्यांना लागतो. त्यावरचे तांब्याचे औषध मुख्य टाकीत घालू नये, झिंगे आणि गोगलगायी त्याने मरतात.

आपल्या मे महिन्याचे वेगळे सांगायला हवे का? बाहेर 42 अंश झाले की टाकीही तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. आधीच एकमेकांवर खार खाणारे मासे अशा वेळी लवकर दगावतात. आम्ही पाण्यावर झोत येईल असा छोटा पंखा लावतो, त्याने दोन-तीन अंश उतरतात. पाणी मात्र भराभर आटते. आटलेल्याची भर साध्या आरओच्या पाण्याने करावी, खाऱ्याने नाही. पाणी उडून जाते, मीठ टाकीतच राहते. दर आठवड्याला 10 लिटर पाणी बदलतो, ते मात्र खारे. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप कपाटात तयार असतो.

गणपतीला पुण्याला जातो तेव्हा शेजारच्या बेनकडे किल्ली असते. पहिल्या वर्षी त्यांनी मायेने मूठभर खाद्य घातले आणि परत आलो तर पाणी दुधासारखे झाले होते. आता रोजच्या पुड्या बांधून, वार लिहून, फ्रिजवर ठेवतो. उरलेले खाद्य कपाटात कुलपात.

कोणाला टाकी पाहायची असेल तर संध्याकाळी सातनंतर यावे. दिवे मंद केले की बांगाई मधोमध येतो आणि गोबी बिळाच्या दाराशी बसतो.