आयर्लंडमधील गर्भाशयमुख-कर्करोग तपासणी : सुधारणांचा लेखाजोखा

व्याधी व्यक्त होण्यापूर्वीच ओळखावा, हा विचार वैद्यवर्गाला नवा नाही. षट्क्रियाकालांत जितक्या आधीच्या अवस्थेत उपाय योजावा तितकी चिकित्सा सुकर, हे सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी याच विचाराच्या जवळची आहे. परंतु निरोगी स्त्रियांना शासन आपणहून तपासणीस बोलावते, तेव्हा निष्कर्ष त्यांना प्रामाणिकपणे सांगण्याचे उत्तरदायित्वही शासनावर येते. त्याचा विसर पडल्यास काय घडते, हे आयर्लंडच्या अनुभवावरून ध्यानात येते.

तेथे ‘सर्व्हायकलचेक’ ही राष्ट्रीय योजना २००८ मध्ये सुरू झाली. व्हिकी फेलन यांचा २०११ चा स्मिअर निर्दोष ठरविण्यात आला. २०१४ मध्ये त्यांना कर्करोग असल्याचे निदान झाले. पुढे फेरतपासणीत पहिला अहवाल चुकल्याचे दिसले. पण ही गोष्ट त्यांना समजली ती २०१७ मध्ये. एप्रिल २०१८ मध्ये न्यायालयातील तडजोडीच्या वेळी गोपनीयतेची अट त्यांनी नाकारली, म्हणूनच हे प्रकरण जनतेपुढे आले. कर्करोग झालेल्या २२१ स्त्रियांच्या फेरतपासणीचा निष्कर्ष मूळ अहवालाहून भिन्न होता आणि त्यांपैकी बहुतेकींना तो कळविलेलाच नव्हता.

डॉ. गॅब्रिएल स्कॅली यांच्या चौकशी अहवालाने सप्टेंबर २०१८ मध्ये संपूर्ण यंत्रणेवरच ठपका ठेवला व ५० शिफारशी केल्या. त्यानंतरची प्रगती उल्लेखनीय आहे. मार्च २०२० पासून प्रथम एचपीव्ही विषाणूची चाचणी व तो आढळल्यास पेशींची तपासणी, अशी पद्धत लागू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये डब्लिनच्या कूम रुग्णालयात राष्ट्रीय प्रयोगशाळा उघडली. २०४० पर्यंत या कर्करोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट २०२३ मध्ये जाहीर झाले.

प्रयोगशाळा व चाचण्या त्या मानाने लवकर सुधारल्या. सत्यकथनाची सवय मात्र सावकाश लागली. नोव्हेंबर २०२२ मधील अंतिम आढाव्यात डॉ. स्कॅली यांनी प्रगतीचे कौतुक केले, तरी रुग्णांना उघडपणे माहिती देण्याविषयी चिंता व्यक्त केली. त्याच महिन्यात श्रीमती फेलन निवर्तल्या. गंभीर घटना रुग्णास सांगणे बंधनकारक करणारा व स्त्रीला आपल्या जुन्या तपासणीच्या पुनर्विलोकनाची मागणी करता येईल असा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमलात आला. म्हणजे प्रकरण उघड झाल्यापासून सहा वर्षे लोटली.

या कायद्याची आवश्यकता चाचणीच्या मर्यादेतच आहे. आयर्लंडच्या आरोग्य सेवेच्या माहितीनुसार दर १,००० स्त्रियांत सुमारे २० जणींच्या पेशींत विकृती असते. जुन्या पद्धतीने त्यांतील १५ जणी ओळखल्या जात, नव्या पद्धतीने १८. दोघी निसटतातच. ही मर्यादा तपासणीपूर्वी समजावून सांगितली व चूक दिसताच ती कळविली, तरच लोकांचा विश्वास टिकतो.

एचपीव्ही चाचणीचे सामर्थ्य सिद्ध करणारा एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच मातीतला आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अशी तपासणी कधी तरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रिया केवळ १.९ टक्के आढळल्या.

प्रदराच्या तक्रारी घेऊन स्त्रिया प्रथम आपल्याकडेच येतात. तेव्हा तिशीनंतरच्या प्रत्येकीस पूर्वतपासणीविषयी विचारावे. संबंधानंतर वा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होत असेल, अथवा दुर्गंधीयुक्त स्राव टिकून असेल, तर मागील अहवाल निर्दोष असला तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब करू नये. ‘अहवाल चांगला आहे’ एवढ्यावर न थांबता त्या अहवालाची मर्यादाही रुग्णेला समजेल अशा शब्दांत सांगावी.