पाहा : गडकरी, राम गणेश

आमच्या ग्रंथालयाच्या माजी ग्रंथपाल बाई नुकत्याच गेल्या. शोकसभेत त्यांच्या शिस्तीबद्दल आणि करड्या आवाजाबद्दल सगळेच बोलले. मी त्यांच्या हाताखाली तालिकेचं, म्हणजे पुस्तकांच्या सूचीची कार्डं करण्याचं, काम शिकलो. त्या कामाबद्दल मात्र कुणी बोललं नाही. बोलणार तरी कसं, ते कुणाला दिसतच नसे.

नवं पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत नोंद व्हायची. मग शीर्षकपानामागे शिक्का, आतल्या एका ठरावीक पानावर आणखी एक शिक्का. पहिलं पान फाडून पुस्तक लंपास करणाऱ्याला हा दुसरा शिक्का ठाऊक नसतो. त्यानंतर वर्गांक. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य 891.46 मध्ये येतं. त्यापुढे कवितेला 1, नाटकाला 2, कादंबरीला 3. इथवरचं काम सरावाने कुणालाही जमतं. बाईंची हुशारी कळायची ती पुढच्या कामात.

राम गणेश गडकरी घ्या. त्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ म्हणून. ‘एकच प्याला’ 891.462 मध्ये, ‘वाग्वैजयंती’ 891.461 मध्ये, ‘संपूर्ण बाळकराम’ 891.467 मध्ये. माणूस एक, नावं तीन, कपाटंही तीन. बाई साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं कोरं कार्ड घ्यायच्या, समास सोडून ‘गोविंदाग्रज’ लिहायच्या आणि खाली ‘पाहा : गडकरी, राम गणेश’. मग कार्डांच्या खणातली सळई काढायची, कार्ड अकारविल्हे जागेवर लावायचं, सळई पुन्हा सरकवायची. आरती प्रभू हे चिं. त्र्यं. खानोलकरांचं टोपणनाव; त्या नावाच्या कविता शोधणाऱ्याला अशाच कार्डावरून खानोलकरांच्या ‘कोंडुरा’पर्यंत वाट सापडायची.

कार्ड करण्याआधी बाईंचा प्रश्न ठरलेला : “मागायला आलेला माणूस काय म्हणेल?” देवघेवीच्या टेबलावर त्यांची एक वही असे. वाचक पुस्तक ज्या नावाने मागेल, ते नाव चुकीचं असलं तरी तसंच तीत उतरायचं. त्या वहीवरून नवी ‘पाहा’ कार्डं तयार व्हायची. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, बाईंनी परीक्षेपुरतं पाठ केलं नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या आणि संगणक आला. नोंदी भरायचं काम बाहेर दिलं गेलं, दर नोंदीमागे पैसे ठरवून. भरणाऱ्या मुलांसमोर ठेवली दाखल नोंदवही. त्या वहीत फक्त पुस्तकं असतात. ‘पाहा’ कार्डामागे पुस्तक नसतं, त्यामुळे त्याला दाखल क्रमांकही नसतो. शेकडो कार्डांतलं एकही संगणकात गेलं नाही आणि खण रद्दीत निघाले. आज आमच्याकडे ‘गोविंदाग्रज’ टाकलं तर पडद्यावर कविता येतात, नाटकं येत नाहीत. ‘चिं.’वरचा अनुस्वार राहिला तर खानोलकरही सापडत नाहीत. दोष संगणकाचा नाही. टोपणनावं जोडायची सोय बऱ्याच ग्रंथालय-प्रणालींत असते. ती भरायला माणूस लागतो.

ज्या वाचनालयांत अजून कार्डांचे खण आहेत, त्यांच्या कार्यकारिणीला एवढंच सांगणं : खण रद्दीत काढण्याआधी त्यातली ‘पाहा’ कार्डं वेगळी काढा आणि ती आधी संगणकात भरा. पुस्तकं नोंदवहीवरून पुन्हा भरता येतात, ही कार्डं येत नाहीत.