ओवीचा पत्ता

मुलांनो, तुमच्या घरी जातं आहे का?

आमच्या कापड्यात अजून बऱ्याच घरांत आहे. पडवीच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून. कुणी वरच्या तळीवर तुळशीचं डबडं ठेवलंय, कुणाची मांजर तिच्यावर ऊन खात बसते. दळायला गिरणी आहे, त्यामुळे जात्याला काम असं उरलं नाही. लग्नघरी हळदीपुरती त्याची आठवण होते, तेवढीच. पण मला विचारायचंय ते निराळंच. त्या जात्यावर गायलेली एखादी ओवी तुमच्या घरात शिल्लक आहे का? आणि असेल तर ती कुठे ठेवली आहे?

आता तुम्ही म्हणाल, बाई, ओवी काय ठेवायची वस्तू आहे? थांबा, सांगते.

आमच्या चौथीतल्या एका मुलीची आजी ओव्या गायची. ऐंशीच्या पुढची. एकदा आम्ही तिला शाळेत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, सगळी मुलं हाताची घडी घालून समोर. आजींनी दोन ओळी म्हटल्या आणि गप्प झाल्या. म्हणाल्या, "बाई, हात रिकामा असला की सुचत न्हाय." मग दुसऱ्या दिवशी आम्हीच त्यांच्या पडवीत गेलो. जातं धुऊन पुसून ठेवलेलं होतं. आजींनी मूठभर नाचणीची वैरण घातली, खुंटा धरला, आणि काय सांगू! एकीमागून एक ओवी यायला लागली. एक मुलगा बोटांवर मोजत होता, त्याची मोजदाद चाळिसाच्या आसपास चुकली. मी सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. एक ओवी झाली की बटण दाबायचं, पुढची फाईल. फोन आपणच फायलींना नावं देत होता: तारीख आणि अनुक्रमांक. म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत नीट लावून ठेवू.

ती सुट्टी कशी गेली ते विचारू नका. पुढच्या पावसाळ्यात फोन भिजला. दुरुस्तीवाल्याने खटपट करून अकरा फायली काढून दिल्या. आणि त्या ऐकायला बसलो तेव्हा कळलं, की कुठली ओवी भावाला उद्देशून आहे, कुठली लेकीला, मधेच एका गावाचं नाव येतं ते कोणतं, यातलं काहीच मी लिहून ठेवलं नव्हतं. विचारायला गेलो असतो, पण तोवर आजी राहिल्या नव्हत्या.

चूक सर्वस्वी माझी. म्हणूनच हे काम ज्यांनी नीट केलं, त्यांच्याविषयी मला तुम्हाला सांगायचंय.

सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुका आहे. आपल्यासारखाच डोंगराळ, आपल्यासारखाच पावसाचा. तिथल्या आणि आसपासच्या गावांत हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ हे दोघे काम करत होते. गी मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात राहिले आणि इथलेच झाले. गावातल्या बायकांचं म्हणणं ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं, की बाई चारचौघांत जे बोलत नाही, ते पहाटे जात्यावर गाते. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, विठ्ठल, उपास, राग, सगळं त्यात येतं. 1980च्या दशकात त्यांनी ओव्या जमवायला सुरुवात केली. नुसतं बाहेरून जाऊन नव्हे. त्या त्या गावांतल्या कार्यकर्त्यांनीच आपल्या आयाबायांच्या ओव्या ऐकून लिहून काढल्या. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आकडा सांगतात तो साधारण 1 लाख 10 हजारांचा. रोज 100 ओव्या वाचायच्या ठरवल्या, एकही दिवस सुट्टी न घेता, तर तीन वर्षं लागतील. गणित करून बघा.

आता एवढ्या ओव्या कागदावर झाल्या. पण मला भीमाची ओवी हवी, किंवा फक्त पावसाची हवी, तर शोधायची कशी? गठ्ठे उपसत बसायचं?

इथे आपल्या गोष्टीत एक तिसरा माणूस येतो. बर्नार्ड बेल. हेही फ्रान्सचेच, शिकलेले इंजिनियर, आणि मनापासून भारतीय संगीतात रमलेले. ओव्यांकडे ते वळले 1990च्या दशकात, पण त्याआधीची त्यांची एक करामत ऐकण्यासारखी आहे. तुमच्यापैकी जे भजनात पखवाज किंवा तबला वाजवतात त्यांनी कान टवकारा.

केरवा तुम्हाला येतोच. धा गे ना ती, ना के धी ना. तबल्यात 'कायदा' म्हणून प्रकार असतो. काही बोलांचा एक नमुना घ्यायचा आणि तेच बोल पुढे-मागे करून, दुप्पट करून, नवे नवे प्रकार वाजवत जायचं. पण वाटेल तसं नाही हं. नियम असतात. उदाहरणार्थ, पहिला भाग भरीचा वाजवला, की तोच परत खालीचा वाजवायचा: जिथे 'धा' होता तिथे 'ता', जिथे 'गे' होता तिथे 'के'. डग्गा मुका होतो, बाकी चाल तीच. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जिम किप्पेन नावाचे संशोधक लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. बेल आणि त्यांनी मिळून असे नियम कॉम्प्युटरला शिकवले. प्रोग्रॅमचं नाव 'बोल प्रोसेसर'. कॉम्प्युटर नियमाप्रमाणे नवे बोल रचून दाखवायचा आणि जाणकार वादक सांगायचा, हे चालेल, हे नाही चालणार. 'नाही' म्हटलं, की कुठला तरी नियम चुकलाय किंवा राहिलाय असं समजायचं आणि तो दुरुस्त करायचा.

मला यातलं काय आवडलं सांगू? उस्तादांना हे सगळे नियम हातात माहीत असतात, पण शब्दांत कुणी विचारत नाही. मठ्ठ कॉम्प्युटरला शिकवायचं म्हटलं, की एकेक नियम सोडवून सांगावा लागतो. आमच्या वर्गातल्या एकाने हे ऐकून विचारलं, "बाई, मग कॉम्प्युटरला तबला आवडतो का?" नाही रे बाबा. आवड बेलसाहेबांना होती. कॉम्प्युटरने फक्त सांगितलेलं ऐकलं.

तर असे हे बेल ओव्यांकडे आले. त्यांनी गावोगावच्या बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले; एकूण 120 तासांहून जास्त. आणि सगळ्या ओव्यांचा एक 'डेटाबेस' बांधला.

डेटाबेस म्हणजे काही अवघड नाही. चार वह्या डोळ्यांसमोर आणा. एकीत गावं, प्रत्येक गावाला क्रमांक. दुसरीत गाणाऱ्या बायका, प्रत्येकीला क्रमांक आणि तिच्या गावाचा क्रमांक. तिसरीत ओव्या, प्रत्येक ओवीपुढे गाणारीचा क्रमांक आणि विषयाचा क्रमांक. चौथीत विषय. एकदा असं बांधलं, की 'अमुक गावच्या बायकांनी भावावर गायलेल्या ओव्या दाखव' म्हटल्यावर कॉम्प्युटर क्षणात क्रमांक जुळवून देतो. आणि क्रमांक का हवेत? आता आपलंच बघा. एकाने लिहिलं 'कापडे बु.', दुसऱ्याने 'कापडे बुद्रुक', तिसऱ्याने नुसतं 'कापडे'. आपल्याला कळतं. पण पत्रावर नुसतं 'कापडे' लिहिलं तर पोस्टमनदादासुद्धा विचारतील, बुद्रुक का खुर्द? कॉम्प्युटर तर विचारतही नाही. तो तीन वेगळी गावं धरून मोकळा होतो.

पुढे आणखी एक घोटाळा झाला, आणि तो तुमच्या आईबाबांनाही ओळखीचा वाटेल. 1990च्या दशकात कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायचं तर निरनिराळे फाँट होते, आणि प्रत्येक फाँटची आपली वेगळी गुप्त लिपी. एका फाँटमध्ये 'क'साठी जो आकडा, तो दुसऱ्यात भलत्याच अक्षराचा. फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली, की पडद्यावर नुसती किडामुंगी. ओव्या टाइप झाल्या होत्या, पण अशा वेगवेगळ्या फाँटमध्ये. म्हणजे जात्यातून सुटल्या आणि फाँटात अडकल्या!

यावर उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना एकेक ठरलेला क्रमांक, आणि तो सगळ्यांनी मानायचा. आपल्या 'क'चा क्रमांक 2325. 'ओवी' हा शब्द कॉम्प्युटरच्या पोटात 2323, 2357, 2368 असा असतो: ओ, व, आणि दीर्घ वेलांटी. जुन्या फाँटमधल्या ओव्या या क्रमांकांत आणायला बराच वेळ आणि पैसा लागला.

हे सगळं चालू असताना माणसं थांबत नाहीत. गी 2004 साली गेले, हेमाताई 2010 साली. काम अर्धवट होतं. बेल यांनी त्या दोघांना ते पुरं करण्याचा शब्द दिला होता. 2015च्या जानेवारीत त्यांनी पुण्यात जुन्या जाणत्या मंडळींना पुन्हा एकत्र आणलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे 'पारी' या संकेतस्थळाने साथ दिली, आणि 2017पासून ओव्या तिथे प्रसिद्ध होऊ लागल्या. आशा ओगले यांनी हजारो ओव्या इंग्रजीत नेल्या. पारीच्या पानावर ओवी मराठीत वाचता येते, इंग्रजीत वाचता येते आणि गाणारीचा आवाज ऐकता येतो. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही तिथे आहेत. महाडचं चवदार तळं आपल्यापासून जवळ. सहलीला जाण्याआधी त्या जरूर ऐका.

ऐकायला येतो तो आवाजही शेवटी आकडेच, बरं का. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती किती वर-खाली झाली, याचं माप कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा घेतो. सीडीसाठी ते एका सेकंदात 44,100 वेळा घेत. तीन मिनिटांच्या गाण्याचे झाले 79 लाख 38 हजार आकडे! ते जपायला कॉम्प्युटर आहे. पण त्या आकड्यांत कुणाची आजी आहे, हे माणसालाच लिहावं लागतं.

आम्ही आमच्या अकरा फायली घेऊन पुन्हा बसलो. या वेळी आधी वही आखली: क्रमांक, गाणारी, गाव, तारीख, कुणाला उद्देशून, न कळलेला शब्द. हा शेवटचा रकाना मुलांनीच सुचवला. मग शाळेच्या कॉम्प्युटरवर एक साधं वेबपान केलं. त्यासाठी मोठं शिक्षण लागत नाही. एचटीएमएल नावाच्या खुणा असतात. 'इथे शीर्षक', 'इथे परिच्छेद', 'इथे आवाजाची फाईल वाजव' एवढ्या तीन खुणा आल्या तरी पान गायला लागतं. पाचवीतल्या मुलाने दोन दिवसांत केलं. पहिल्यांदा वाजलंच नाही, कारण फाईलच्या नावात एक जागा जास्त सुटली होती. दोन तास शोधत होतो! अजून ते पान इंटरनेटवर टाकलेलं नाही. आजींच्या घरच्यांना विचारायचं होतं. आवाज त्यांच्या माणसाचा आहे.

गणपतीला त्या मुलीची आत्या मुंबईहून आली, तेव्हा घरातल्या सगळ्यांना पान दाखवलं. पहिली ओवी सुरू झाली आणि आत्या पदराने डोळे पुसत जात्यापाशीच जाऊन बसली. अकरापैकी सात ओव्या तिने ओळखल्या. ही भावाची, ही पाठच्या बहिणीची, ही माझ्याच लग्नात म्हटलेली. दोन ओव्यांचं पुढचं कडवंही तिला आठवलं. ते आता बाराव्या आणि तेराव्या क्रमांकाला आहे, गाणारीच्या रकान्यात आत्याचं नाव. पान सगळ्यांसाठी खुलं करायलाही घरच्यांनी होकार दिला.

नवव्या ओवीतलं ते गावाचं नाव मात्र तिलाही लागलं नाही. शेवटी 'वली' ऐकू येतं, आधीचा भाग जात्याच्या घरघरीत बुडालाय. कोकणात 'वली'ची गावं काय थोडी आहेत? मुलं नकाशा घेऊन एकेक नाव त्या चालीवर बसवून पाहताहेत. सध्या त्या रकान्यात प्रश्नचिन्ह आहे.