प्राणवायूही बेताचाच हवा!

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवून प्राणवायू देतात, हे तुम्ही ऐकले असेल. १९४० नंतर पाश्चात्त्य देशांत अशी पुष्कळ बाळे वाचली; पण हजारो आंधळी झाली! १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी दोष दाखवला तो प्राणवायूच्या अतिरेकाचा.

असे का व्हावे? या बाळांच्या डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. पडद्याच्या पेशींना प्राणवायू कमी पडला, की त्या ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन सोडतात. १९८९ मध्ये त्याची ओळख पटली. हा जणू निरोपच! तो मिळताच जवळच्या वाहिनीतील पेशी विभागतात, निरोपाच्या दिशेने सरकतात आणि नवा फाटा फुटतो. कोवळ्या वाहिन्यांना जगण्यासाठीही हाच निरोप लागतो.

प्राणवायू जास्त झाला, की निरोप थांबतो आणि कोवळ्या वाहिन्या मरतात. पुढे उपाशी पडदा निरोपांचा पूर सोडतो. वेड्यावाकड्या वाहिन्या माजतात आणि पडदा ओढून सुटा करतात.

म्हणूनच आज प्राणवायू मोजून देतात आणि बाळाचे डोळे वेळीच तपासतात.