भंगारातील तांबे व धातूंची क्रियाशीलता

लोखंड गंजते, तांब्यापितळेच्या भांड्यात राहिलेले ताक कळकते, चांदी काळवंडते. सोन्याच्या बाबतीत मात्र असे क्रियापद योजण्याचा प्रसंग सहसा येत नाही. धातूंच्या रासायनिक क्रियाशीलतेची एक स्थूल श्रेणी मराठी भाषेने या प्रयोगांत नकळत नोंदवून ठेवली आहे. क्रियाशीलता म्हणजे आपले इलेक्ट्रॉन दुसऱ्यास देऊन संयुगात शिरण्याची धातूची तत्परता होय. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेविला, तर त्यावर तांबूस थर चढतो व द्रावणाचा निळा रंग फिका पडतो. लोखंड द्रावणात उतरते आणि तांब्यास बाहेर घालविते. उलट, हिराकसाच्या द्रावणात तांब्याची तार कितीही काळ ठेविली तरी लोखंड बाहेर पडत नाही. हाच क्रम प्रमाण विद्युत्‌विभवाच्या आकड्यांत जस्त −०.७६, लोखंड −०.४४, कथील −०.१४, तांबे +०.३४, चांदी +०.८० व्होल्ट असा मांडतात. आकडा जितका ऋण, तितकी तत्परता अधिक.

वरवरचे निरीक्षण येथे फसवू शकते. ॲल्युमिनियमचे पातेले वर्षानुवर्षे टिकते, म्हणून तो धातू मंद वाटतो. वस्तुतः तो लोखंडाहून कितीतरी अधिक क्रियाशील आहे. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा जो अतिसूक्ष्म व घट्ट पापुद्रा बनतो, तोच आतील धातूचे रक्षण करितो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असल्यामुळे त्यास हे साधत नाही.

ही श्रेणी मोठ्या प्रमाणावर कामास येते ती जालन्यास. 'जालना, सोन्याचा पालना' ही म्हण त्या गावाच्या जुन्या व्यापारी वैभवाची. आज त्याची ख्याती पोलादी सळयांसाठी आहे, आणि त्या सळयांचा एक मुख्य कच्चा माल म्हणजे भंगार. (ज्ञानेश्वरीत 'भांगार' म्हणजे सोने, आणि कोंकणीत तो अर्थ आजही जिवंत आहे. तथापि केवळ उच्चारसाम्यावरून हे दोन शब्द एका मुळाचे मानण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा.)

विद्युत्‌भट्टीत सुमारे १६०० अंश सेल्सिअसला भंगार वितळते, तेव्हा त्यातील प्रत्येक धातूची कसोटी लागते. पातेल्याच्या रूपाने स्थिर भासणारे ॲल्युमिनियम येथे प्रथम ऑक्सिजन पकडते. सिलिकॉन व मँगनीजही बऱ्याच अंशी त्याच मार्गाने धातुमळीत जातात. मुलामा दिलेल्या पत्र्यांवरील जस्त ९०७ अंशांसच उकळते. त्याची वाफ हवेशी संयोग पावून पांढरा धूर होतो. तांबे मात्र कोठेच जात नाही. ऑक्सिजनची ओढ त्यास लोखंडाहून कमी. म्हणून त्यास जाळावयाचे तर आधी सारे लोखंड जाळावे लागेल. कथिलाचीही गत तीच. ज्या मंदपणामुळे तांबे घरात मौल्यवान ठरते, त्याच मंदपणामुळे ते भट्टीत हट्टी पाहुणा होऊन बसते.

त्याचा उपद्रव पुढच्या टप्प्यात जाणवतो. सळया लाटण्यासाठी पोलादाचे ठोकळे अकराशे-बाराशे अंशांपर्यंत पुन्हा तापविल्यास पृष्ठभागावरील लोखंडाचे ऑक्सिडीकरण होऊन खवले सुटतात. मागे राहिलेले तांबे त्या खवल्यांखाली साचत जाते. तांब्याचा वितळणबिंदू १०८५ अंश. म्हणजे या उष्णतेत ते द्रवरूप होऊन पोलादाच्या कणांमधील सीमांत शिरते, आणि रुळांचा दाब पडताच पृष्ठभागास भेगा जातात. तापल्या अवस्थेतील हा ठिसूळपणा धातुशास्त्रात सुपरिचित आहे.

यावर भट्टीत व्यवहार्य असा रासायनिक उपाय नाही. स्पंज आयर्नसारखे तांबेविरहित लोखंड मिसळून प्रमाण पातळ करता येते, एवढेच. पण पातळ झालेले तांबे नाहीसे होत नाही. तीच सळई उद्या भंगारात आली, की आपल्या वाट्याचे तांबे घेऊनच येते, आणि प्रत्येक फेरीत नव्या तारांची त्यात भर पडू शकते. म्हणून वेगळे करण्याचे खरे स्थान भट्टी नव्हे, भंगाराचा ढीग होय. मोटारींची वेटोळी व विजेच्या तारा हाताने बाजूस काढणारा मजूर जे काम करितो, ते त्यापुढील कोणत्याही यंत्रास स्वस्तात करता येत नाही. सुदैवाने तांब्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असल्यामुळे ते वेचून काढण्यास कोणास फारसे सांगावे लागत नाही. सुटते ते लहान मोटारीतील, पत्र्याच्या कवचाआड दडलेले तांबे.