स्मारकनाण्यांचा मान व सांगोल्याचा करार

एखाद्या थोर पुरुषाच्या अथवा प्रसंगाच्या स्मरणार्थ सरकारनें नाणें पाडावें, ही चाल आपल्या देशांत आतां चांगली रुळली आहे. स्वातंत्र्यानंतरचें असें पहिलें नाणें १९६४ सालीं पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघालें. पुढें १९९९ सालीं श्रीज्ञानेश्वर व श्रीशिवछत्रपति आणि २००२ सालीं श्रीतुकाराम यांस हा मान मिळाला. २०२५ सालीं अहल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त तीनशें रुपयांचें नाणें प्रसिद्ध झालें. निवडीचा अधिकार मध्यवर्ती सरकारचा असला, तरी निवड कोणत्या कसोटीवर व्हावी, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकांनींच केला पाहिजे.

त्यासाठीं आधीं नाणें काय सांगतें व काय सांगत नाहीं, हें ठरविलें पाहिजे. सांगोल्याचें उदाहरण या कामीं फार बोधप्रद आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू महाराज निवर्तले व रामराजे गादीवर आले. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनीं सांगोल्याच्या किल्ल्याचा आश्रय करून पेशव्यांविरुद्ध बंड उभारिलें. तेव्हां सदाशिवरावभाऊ रामराजांस बरोबर घेऊन तिकडे गेले व त्यांनीं किल्ला हस्तगत केला. तेथेंच १७५० सालीं जो करार झाला, त्यानें राज्यकारभाराची मुखत्यारी पेशव्यांच्या हातीं आली.

येवढा पालट झाला, परंतु नाण्यावर त्याची खूणहि उमटली नाहीं. शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसरीस 'छत्रपति' हीं अक्षरें पुढेंहि चालूच राहिलीं. पुण्याच्या अंकुशी रुपयावर दिल्लीच्या बादशहाचें नांव होतें. पेशव्यांनीं आपलें नांव घातलें नाहीं. म्हणजे नाण्यावरील नांवावरून सत्ता कोणाच्या हातीं होती, हें कळत नाहीं. लोकांनीं मान्यता कोणास दिली होती, तें कळतें. स्मारकनाणें तर केवळ मान्यतेसाठींच पाडलें जातें. म्हणून तें पाडतांना अधिक जपलें पाहिजे.

आमच्या मतें कसोट्या तीन आहेत. पहिली, प्रसंगास समकालीन कागदाचा आधार असावा. दुसरी, त्याचा परिणाम एका घराण्यापुरता वा गांवापुरता नसावा. तिसरी, मुखचित्र घालावयाचें असल्यास तें अस्सल असावें. कै. वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं शिवछत्रपतींचें समकालीन चित्र उजेडांत आणलें. तोंपर्यंत इब्राहिमखान नांवाच्या दुसऱ्याच पुरुषाचें चित्र महाराजांचें म्हणून छापलें जात असे. त्या काळीं नाणें निघालें असतें, तर ती चूक धातूंत कायमची राहिली असती. पुस्तकाची दुसरी आवृत्ति काढतां येते. लोकांच्या हातीं गेलेलें नाणें परत आणतां येत नाहीं.

या कसोट्या लावतां सांगोल्याच्या करारास स्मारकनाणें मिळावें काय? पहिल्या दोन कसोट्यांस तो उतरतो, तरी आम्ही 'नाहीं' असेंच म्हणूं. त्यांत एका पक्षाची सरशी व दुसऱ्याची हानि आहे, आणि नाण्याच्या लहानशा मुखावर दोहोंचा न्याय होत नाहीं. कराराची खरी जागा दप्तरांत व चिकित्सक ग्रंथांत आहे. स्मारकास योग्य विषय शिवराईच आहे. तिला मुखचित्राची गरज नाहीं, आणि राज्यांतील एवढ्या उलथापालथींतूनहि जी अक्षरें लोकांच्या व्यवहारांत टिकलीं, त्यांचा पुरावा ती स्वतःच आहे. व्यक्तीवांचूनहि स्मारकनाणें होऊं शकतें, हें रेल्वेच्या दीडशाव्या वर्षानिमित्त २००३ सालीं निघालेल्या नाण्यानें दाखविलेंच आहे.

संग्राहकांस आमची एकच विनंति आहे. सांगोला, मंगळवेढें, पंढरपूर या भागांत शिवराया मिळाल्यास त्या चिंचेनें घासून चकचकीत करूं नयेत. वजन, अक्षरांचें वळण व सांपडल्याचें ठिकाण मात्र अवश्य टिपून ठेवावें. मान कोणास द्यावा हें अशा नोंदींवरून ठरलें, तर त्या नाण्यास पुढें कोणी खोटें म्हणणार नाहीं.