चढावर साथ देणारी सायकल

मंडळी, सायकल आपल्याला नवी नाही. मी स्वतः तीस वर्षे सायकलवरून शाळेत गेलो. शाळा टेकाडावर होती. शेवटच्या चढाला खाली उतरायचे आणि सायकल ढकलत न्यायची, हा रोजचा नेम. आता साठी उलटली. गुडघे कुरकुर करतात. सायकल पडवीत भिंतीला टेकून आहे.

गेल्या दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला. टेम्पोतून त्याने एक नवीच सायकल आणली. टायर जाड, त्यांवर खोल खाचा. पुढच्या चिमट्याला धक्के सोसणारे स्प्रिंग. खालची दांडी चांगली जाडजूड. दोन पायडलांच्या मधोमध नारळाएवढा काळा डबा.

"मामा, ही विजेची डोंगर-सायकल. डब्यात मोटार आहे. दांडीत बॅटरी आहे."

"म्हणजे फटफटीच की रे!" मी म्हणालो.

"नाही मामा. बसून तर बघा."

मी बसलो. पायडलवर जोर दिला मात्र, सायकल एकदम हलकी झाली! लहानपणी सायकल शिकताना वडील मागून सीट धरून ढकलत. अगदी तसेच वाटले. पाय थांबवले. ढकलणेही थांबले.

हे होते कसे? पायडलच्या आसाजवळ जोर मोजणारे एक लहान यंत्र असते. तुम्ही पायाने किती रेटता, हे ते सारखे मोजत असते. त्या मापाने मोटार आपला जोर त्यात मिळवते. दोघांचा जोर एकाच साखळीतून मागच्या चाकाला जातो. तुम्ही थांबलात की मोटारही थांबते. म्हणून ही फटफटी नव्हे. ही बैलजोडी आहे. एक बैल तुम्ही, दुसरा मोटार. १९९३ साली जपानच्या यामाहा कंपनीने अशी पायाला साथ देणारी सायकल बाजारात आणली. पुढे ही सोय डोंगर-सायकलीलाही झाली.

या दुसऱ्या बैलाची ताकद किती? मोटारीवर लिहिले होते, २५० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. म्हणजे ही मोटार अश्वशक्तीच्या तिसऱ्या हिश्शाची. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या पंपापुढे ती काहीच नाही. पण धडधाकट माणूस बराच वेळ पायडल मारतो, तेव्हा त्याचा जोर साधारण १०० वॅटच्या आसपास असतो. म्हणजे दोन-अडीच गड्यांची मदत झाली की नाही?

आता माझी फजिती सांगतो. दुसऱ्या दिवशी मी एकटाच डोंगरावरच्या देवीला निघालो. हँडलवरच्या बटनाने मदत कमी-जास्त करता येते. मी सगळ्यात जास्त मदत लावली. तासभर ऐटीत चढलो. देवळाचा कळस दिसू लागला आणि मोटार गप्प झाली. सायकलचे वजन २४ किलो. ढकलता ढकलता गुडघ्यांनी दावा साधला. वाटेत एक मेंढपाळ भेटला. सारे ऐकून तो हसला. म्हणाला, "गुरुजी, बैल जुंपायच्या आधी वैरण टाकली का, बघायला नको व्हय?"

त्याचे खरे होते. रात्री वीज गेली होती. बॅटरी अर्धीच भरली होती. मी बघितलेच नाही. घरी येऊन बॅटरीवरचे लेबल वाचले. ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार करा. ५०४ वॅट-तास होतात. त्याचे अर्धे २५२. मोटार तासाला २५० वॅट-तास खाणार. म्हणजे वीज एकच तास पुरणार! जन्मभर पोरांना गणित शिकवले आणि स्वतःचे गणित करायचे राहिले.

हेच गणित विजेच्या बिलाचेही आहे. १००० वॅट-तास म्हणजे एक युनिट. रिकामी बॅटरी भरायला अर्ध्या युनिटाहून जरा जास्त वीज लागते. खर्च दहा रुपयांच्या आत. किंमत मात्र अशा डोंगर-सायकलीची लाखावर जाते. मागच्या चाकात मोटार असलेल्या साध्या सायकली तीस-चाळीस हजारांतही मिळतात.

पारावर एकाने विचारले, "उतारावर बॅटरी आपोआप भरते का?" या सायकलीत भरत नाही. उतारावर चाक सुटे फिरते. त्याचा जोर साखळीतून उलट मोटारीकडे येत नाही.

दुसऱ्याने विचारले, "लायसन लागते का?" मोटार २५० वॅटच्या मर्यादेत असावी. पाय थांबताच किंवा ताशी २५ किलोमीटरचा वेग होताच तिची मदत बंद व्हावी. अशी सायकल आपल्या देशात मोटारगाडीत मोजत नाहीत. तिला लायसन लागत नाही. याहून मोठी मोटार असेल तर कायदा वेगळा.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. बॅटरी तिच्याच चार्जरने भरा. भरताना ती अंथरूण, कडबा, रॉकेल यांच्यापासून दूर ठेवा. फुगलेली किंवा फुटलेली बॅटरी वापरू नका, तिला आग लागू शकते.

आणि चौथी गोष्ट सर्वांत मोठी. दुकानदार सांगेल, "एकदा भरा, शंभर किलोमीटर जा." त्याचे ऐकून घ्या, पण लेबल स्वतः वाचा. व्होल्ट किती, अँपिअर-तास किती, मोटार किती वॅटची, हे बघा. गुणाकार करा. आता तुम्हाला वाचता येते. मला तर चाळीस वर्षांपासून येत होते. पण वाचले नाही, म्हणून ढकलत गेलो.